शिकस्त ठरवण्याआधी

जिल्हा परिषदेच्या शाळेची जुनी खोली पाडायची असेल तर आधी तिचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे सरकारी दप्तरातून ती कमी करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, अभियंत्याचा दाखला, चारही बाजूंचे फोटो असा एक प्रस्ताव तयार होतो. त्यात खोलीची लांबी-रुंदी असते, बांधकामाचं वर्ष असतं, निघणाऱ्या लाकडाची आणि कवेलूंची (कौलांची) अंदाजे किंमत असते. ती खोली कोणी बांधली, तिच्याआधी गावातली पोरं कुठे बसत होती, तिच्या ओसरीवर पहिल्यांदा कोणाकोणाची पोरं मांडीला मांडी लावून बसली, यातलं काही त्या कागदांत येत नाही. खोली शिकस्त, म्हणजे पडायला आलेली, ठरते, लिलाव होतो, सागवान ट्रॅक्टरमध्ये भरून जातं. विदर्भातल्या कितीतरी गावांत हे होऊन गेलं आहे आणि अजून चालू आहे.

वारसा म्हटलं की आपली नजर जुन्या दगडाकडे जाते. मार्कंड्याची मंदिरं, लोणारचं दैत्यसूदन, गाविलगड, नरनाळा. त्यांचं मोल कोणी नाकारत नाही आणि नाकारूही नये. पण ही नावं घेऊन झाली की आपण शेकडो वर्षं ओलांडून थेट आजच्या स्लॅबच्या घरात येतो. मधलं सगळं, त्यातही गेलं शतक, आपल्या लेखी नुसतं जुनाट असतं. याच शतकात आपल्या बहुतेक खेड्यांनी पहिली शाळा बघितली, पहिला दवाखाना बघितला, विजेचा पहिला खांब बघितला. याच शतकात 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि दोन दिवसांनी चांद्यात (आजच्या चंद्रपुरात) लाखो माणसांनी धम्म स्वीकारला आणि मान वर करून गावी परतली. त्या शतकाच्या खुणा सांभाळण्याजोग्या नाहीत, हे आपण कशाच्या आधारावर ठरवलं?

काही अंशी कायद्याच्या आधारावर. प्राचीन स्मारकांचा 1958 चा केंद्रीय कायदा किमान 100 वर्षांची अट घालतो. वयाची अट कशी चालते ते दिल्लीत दिसलं. प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन 1972 साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी उभं राहिलं. वास्तुविशारद राज रेवाल, अभियंते महेंद्र राज. एवढा मोठा सांगाडा खरं तर पोलादात करायचा, पण पोलाद महाग आणि दुर्मीळ होतं, म्हणून तो जागेवरच काँक्रीट ओतून, मजुरांच्या हातांनी केला. देशाकडे पैसा कमी आणि हात भरपूर असतानाच्या काळाची ती नेमकी साक्ष होती. 60 वर्षं न झालेल्या वास्तूंचा विचार करता येणार नाही, अशी भूमिका दिल्लीच्या वारसा समितीनं घेतली आणि एप्रिल 2017 मध्ये पंचेचाळीस वर्षांची ती वास्तू रातोरात पाडली गेली. साठी गाठायला तिला आणखी पंधरा वर्षं उभं राहावं लागलं असतं, आणि तेवढंच तिला नाकारलं गेलं.

त्या इमारतीसाठी निदान देशोदेशीच्या वास्तुविशारदांनी आवाज उठवला. आपल्या गावच्या शाळेला, विहाराला, कापसाच्या जिनिंगच्या शेडला वास्तुविशारदच नसतो. तिच्यासाठी कोण लिहिणार?

माझं म्हणणं साधं आहे. आधुनिक काळातल्या वास्तूचं किंवा कलाकृतीचं मोल ठरवताना वय, देखणेपण आणि कर्त्याचं नाव या तीन गोष्टी मागे ठेवाव्यात. आधी विचारावं की ती उभी राहिली तेव्हा कोणासाठी काय बदललं, आणि त्या बदलाचा हाताला लागेल असा दुसरा कोणता पुरावा आज उरला आहे का. नसेल, तर ती वास्तू वारसा आहे, मग ती चाळीस वर्षांची असो की नव्वद.

वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर घ्या. कोरीव कामासाठी, शिखरासाठी लोक वाट वाकडी करून येतील अशी मंदिरं विदर्भात दुसरी आहेत. पण 1928 साली जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचं हे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांसाठी उघडलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. त्या मंदिराचा उंबरठा म्हणजे ज्यावरून माणसं प्रत्यक्ष चालत आत गेली ती जागा. कोरीव खांबापेक्षा तो उंबरठा मला मोलाचा वाटतो, आणि ही भावुकता नाही. इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ वाचणं वेगळं आणि त्या ओळीवर पाय ठेवून उभं राहणं वेगळं.

सेवाग्रामची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, म्हणून जरा थांबून बघू. 1936 साली गांधी सेगावात राहायला आले, गावाचं नाव सेवाग्राम झालं ते 1940 मध्ये. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती गांधींच्या इंग्रज शिष्या मीराबहन यांनी आधी स्वतःसाठी बांधली होती. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, बसायला चटया. आत गेल्यावर भिंतीवर मीराबहन यांनी मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा दिसतो. भिंतीचाच लेप थोडा उचलून, बोटांनी दाबून केलेलं काम. वेगळा रंग नाही, वेगळी चौकट नाही. मला हे विदर्भातलं आधुनिक शिल्प वाटतं, आणि त्याकडे शिल्प म्हणून फारसं कोणी बघत नाही याचं वाईट वाटतं. एक परदेशी स्त्री इथल्या बायकांच्या सारवणाच्या हातानं भिंतीवर चित्र काढते, ही त्या काळाच्या कलेतली मोठी घटना आहे. कारण तोवर भिंतीवर मातीनं नक्षी उठवणं हे बाईचं घरकाम होतं, त्याला कला म्हणायची रीत नव्हती.

ऑगस्ट 1946 मध्ये गांधी सेवाग्राममधून गेले ते परतलेच नाहीत. त्यानंतर इतके पावसाळे त्या कुटीनं कसे काढले? मातीच्या घराला आमच्याकडे जे करतात तेच करून. पावसाआधी कवेलू फेरायचे, फुटके काढून नवे घालायचे, सडलेला बांबू बदलायचा, भिंतीला लेप द्यायचा, जमीन सारवायची. मग गांधींच्या वेळची माती त्यात उरली किती, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. वास्तूचं अस्सलपण मूळ दगड-विटांतच असतं की ती ज्या रीतीनं केली आणि राखली जाते त्या रीतीतही असतं, यावर जपानमधल्या नारा इथे 1994 साली जगभरच्या जाणकारांनी खल केला आणि रीत, परंपरा, वापर हेही अस्सलपणाचे आधार असू शकतात असं मान्य केलं. आमच्याकडच्या कोणत्याही म्हातारीला हे आधीच ठाऊक होतं. घर दरवर्षी सारवलं म्हणून ते दुसरं घर होत नाही. उलट सारवायचं थांबलं की ते पडतं.

यातून एक गोष्ट निघते. मातीची, लाकडाची, कवेलूची वास्तू वाचवायची तर तिच्यासोबत कवेलू करणारा कुंभार, बांबूचा कुड विणणारा बुरड आणि चुन्याचं प्रमाण जाणणारा गवंडी वाचला पाहिजे. दगडाच्या मंदिराला कुंपण घालून, पाटी लावून काही वर्षं तरी निभावून नेता येतं. आपल्या जवळच्या वास्तूंना तसं करून चालत नाही, त्यांना वर्षातून एकदा तरी हात लागलाच पाहिजे. म्हणून आधुनिक ग्रामीण वारशाचा प्रश्न पुरातत्त्व खात्याचा कमी आणि ग्रामपंचायतीच्या देखभालीच्या तरतुदीचा जास्त आहे.

आता शाळेकडे येतो. माझ्या पाहण्यातल्या एका गावात जनपद सभेच्या काळातली शाळा होती. नव्या वाचकांना सांगायला हवं की 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि जिल्हा परिषदा 1962 मध्ये येईपर्यंत इथला कारभार जनपद सभा बघत. तीन खोल्या, पुढे लांबलचक छपरी. हातभर जाड भिंती, वर सागाची कैची, त्यावर कवेलू. खिडक्यांच्या चौकटी जमिनीपासून फार वर नव्हत्या, कारण पोरं खाली बसत आणि वारा त्यांच्या डोक्यावरून न जाता अंगावरून जायला हवा होता. फळा भिंतीतच गिलावा करून काळा केलेला. दाराशेजारी एक फरशी, तिच्यावर वर्गणीदारांची नावं आणि रकमा. कोणाचे एकावन्न, कोणाचे अकरा, एकाचे पाच. ज्यांनी नदीवरून बैलबंडीनं रेती आणली आणि ज्या बायकांनी डोक्यावर पाणी वाहून चुना भिजवला त्यांची नावं फरशीवर नव्हती, ती फक्त भिंतीत होती.

ती शाळा शिकस्त ठरली. भिंतीला ओल लागली होती हे खरं. ओल लागली कारण कवेलू फेरणं बंद झालं होतं, आणि ते बंद झालं कारण त्यासाठी पैसाच येत नव्हता, नव्या बांधकामासाठी मात्र येत होता. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी एवढंच सांगितलं, "भितीले पाणी लागू देलं नाही तं भित मरत नाही, भाऊ. तिले आपनच मारतो." नव्या खोल्या झाल्या. छतावर टिन, भिंत सहा इंची. एप्रिलमध्ये पारा पंचेचाळिशीकडे निघाला की त्या खोलीत दुपारी कोणी बसून दाखवावं. जुन्या शाळेत आमच्या उन्हाची ओळख होती. जाड भिंत, श्वास घेणारं छप्पर, खोल छपरी, खाली खिडकी, हे सगळं कोणा शिकलेल्या माणसानं नकाशावर काढलं नव्हतं, पण ते विचार करून केलेलं होतं. कोणी लिहून न ठेवलेला तो विचार फक्त वास्तूतच साठलेला होता. वास्तू पाडली की तोही गेला.

यावर जो आक्षेप येतो तो मी गंभीरपणे घेतो. गळकं कवेलू ज्यांनी जन्मभर सोसलं त्यांना स्लॅब हवा असतो. मातीचं घर म्हणजे विंचू, साप, दरवर्षीची दगदग, आणि सोयरीक जुळवताना खाली जाणारी मान. त्यांना शहरातल्या माणसानं मातीच्या गारव्याचं कौतुक सांगणं हा उर्मटपणा आहे. घरकुल मिळालेल्या बाईनं जुनं घर पाडलं तर तिला कोणीही दोष देऊ नये, मीही देत नाही. मी बोलतो आहे ते सार्वजनिक वास्तूंविषयी, ज्या सगळ्यांच्या आहेत आणि म्हणूनच ज्यांच्याबद्दल निर्णय घ्यायचा हक्क एका ठेकेदाराचा, एका सदस्याचा किंवा एका अभियंत्याचा नाही. पोरांच्या डोक्यावर छप्पर पडायची भीती असेल तर खोली रिकामी करावीच लागेल. पण रिकामी करणं आणि पाडणं यांत दुरुस्तीचा एक रस्ता असतो, आणि आपण तो बघतसुद्धा नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त टोचतो. वारसा कोणाचा? गावातली गढी, मालगुजाराचा वाडा यांना 'ऐतिहासिक' म्हणायला आपली जीभ अडखळत नाही. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला धम्मदीक्षेनंतर वर्गणी काढून उभारलेलं छोटं विहार असतं, त्याला कोणी ऐतिहासिक म्हणत नाही. खरं तर गावाच्या इतिहासात त्यानं जेवढा फरक केला तेवढा वाड्यानं केला नाही. रोजमजुरी करणाऱ्या माणसांनी पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची, कोणाची परवानगी न घेता बसता येईल अशी जागा बांधली. संध्याकाळी बायका तिथे जमतात, वंदना होते, पोरं अभ्यासाला बसतात.

तसेच पुतळे. बाबासाहेबांचे सुरुवातीचे सिमेंटचे पुतळे पाहिले तर कळतं की ते अनेकदा जवळपासच्याच मूर्तिकारानं घडवलेले आहेत, जो एरवी गणपती करायचा, बैल करायचा. निळा कोट, हातात पुस्तक, वर उचललेलं बोट. चेहरा हुबेहूब नसतो. खांदे जरा रुंद, डोळे जरा मोठे, चष्म्याची काडी कधी रंगानंच काढलेली. पण त्यात एक गोष्ट असते जी ऑर्डर देऊन आणलेल्या धातूच्या पुतळ्यात नसते: त्या मूर्तिकाराला या माणसाचा पुतळा कसा असतो ते ठाऊक नव्हतं, त्याला ते शोधून काढावं लागलं. देवाच्या मूर्तीची परंपरा होती, राजाच्या पुतळ्याची होती, कोट घातलेल्या, शिकलेल्या, आपल्यातल्या माणसाची नव्हती. गावोगावच्या कारागिरांनी ती निर्माण केली. विसाव्या शतकातल्या भारतीय कलेची ही मोठी घडामोड आहे आणि ती कलादालनात नाही, आमच्या चौकात घडली. आता गावोगाव मोठा पुतळा येतो आणि जुना काढला जातो. नवा आणायचा की नाही हे ज्यांनी जुना उभारला त्यांनीच ठरवायचं. पण जुना फोडून टाकण्याआधी त्याला विहारात, वाचनालयात, कुठे तरी जागा द्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि वापरातल्या वस्तू एका कार्यकर्त्याच्या जिद्दीमुळे राहिल्या. कोणत्याही सरकारी यादीची वाट न बघता.

सरकारी यादीची वाट बघण्यात अर्थही नाही. पुरावस्तू आणि कलाकृतींचा 1972 चा कायदा शंभर वर्षांखालच्या कलाकृतींना संरक्षण देऊ शकतो, मात्र कलावंत हयात नसावा. आजवर त्याखाली नऊ चित्रकारांचं काम राष्ट्रीय ठेवा ठरलं आहे, रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, टागोर घराण्यातले तिघे, अशी ती नावं. मोठीच माणसं आहेत. पण झाडीपट्टीतल्या नाटकांचे मागचे पडदे रंगवणाऱ्याला त्या यादीत कधी जागा मिळणार नाही, कारण त्याचं नाव पडद्यावर नसतं. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानं रात्ररात्र नाटकं होतात, वडसा गावातून नाटक कंपन्या निघतात. राजवाडा, रस्ता, जंगल एका गुंडाळीत मावणारा तो पडदा जीर्ण झाला की नवा येतो, आणि नवा आता फ्लेक्सचा असू शकतो.

भिंतींवरची अक्षरंही तशीच. "देवीचा रोगी कळवा आणि 1000 रुपये मिळवा" ही गेरूनं रंगवलेली ओळ सत्तरच्या दशकात गावागावात होती. बक्षिसाचा आकडा एवढा मोठा होता, कारण रोगी सापडणंच दुर्मीळ झालं होतं. 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. माणसाच्या हातून पृथ्वीवरून नाहीसा झालेला तो पहिला रोग, आणि त्या लढाईचं आमच्या गावातलं एकमेव स्मारक ती भिंत होती. एखाद्या पडक्या गोठ्याच्या भिंतीवर त्यातली चार अक्षरं अजून दिसली तर मला हेमाडपंती देवळाइतकाच आनंद होतो.

सगळाच वारसा अभिमानाचा असेल असंही नाही. शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जायची ती आमच्या सोयीसाठी टाकलेली नव्हती, वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांकडे न्यायला टाकली होती. अडीच फुटी रुळांवर 1994 पर्यंत वाफेचं इंजिन धावलं. पुढे गरीब माणसाला तीच गाडी एसटीपेक्षा स्वस्त पडली. लुटीचा पुरावा आणि गरिबाचा आधार एकाच रुळावर. अशी वास्तू पाडली तर लूटही विसरली जाते. कापसाच्या भावासाठी आज रस्त्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरानं जिनिंग-प्रेसिंगची ती जुनी उंच चिमणी आणि ते लांब गोदाम बघितलं पाहिजे, म्हणजे त्याला कळेल की हा प्रश्न काल-परवाचा नाही.

आणखी एक धोका आहे, कौतुकाचा. चंदीगडच्या कचेऱ्यांतल्या, नामवंत वास्तुविशारदांनी आखलेल्या खुर्च्या भंगार म्हणून निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. आमच्याकडे वाड्यांचे सागवानी खांब, शाळांची बाकं, दारांच्या चौकटी असेच विकत घेतले जातात आणि कुठल्याशा रिसॉर्टच्या दिवाणखान्यात उभे राहतात. तिथे ते सुंदर दिसतात. पण त्या खांबाला टेकून कोण बसत होतं, हे तिथल्या कोणालाच माहीत नसतं.

करायचं काय, तर तीन कामं ग्रामसभा आजच्या अधिकारांत करू शकते. निर्लेखनाचा ठराव घेण्याआधी वास्तूची मोजणी, फोटो आणि ती कोणी, कशी, कशासाठी बांधली याची जुन्या माणसांनी सांगितलेली माहिती ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावावी. दुरुस्तीचा अंदाजखर्च आणि नव्या बांधकामाचा अंदाजखर्च दोन्ही एकाच सभेत, बायकांच्या उपस्थितीत, मोठ्यानं वाचून दाखवावेत. आणि पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवावी, म्हणजे पंचक्रोशीत जो एखादा कुंभार अजून कवेलू भाजतो त्याला फाल्गुनातच सांगता येईल की यंदा हजार लागतील, भट्टी लाव.